दुसऱ्यांचा वेश घालावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आमची ड्रेपरी आहे. नाटकं, शाळांची गॅदरिंग, शिवजयंतीच्या मिरवणुका, आषाढीच्या दिंड्या यांना आम्ही पोशाख भाड्यानं देतो. वडिलांनी सुरू केलेलं दुकान आता मी बघते. पूर्वी गिऱ्हाईक माप, भाडं आणि डिपॉझिट एवढंच विचारायचं. अलीकडे डिसेंबर उजाडला की पालक आणि शाळेच्या बाई आणखी एक गोष्ट विचारतात : "हा ड्रेस घातला तर कुणाला वाईट नाही ना वाटणार?" दुकानात गर्दी असते, फोन वाजत असतो, आणि अशा प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देऊन भागत नाही. म्हणून हे निवांत लिहिलं आहे.

दुसऱ्या समाजाचा किंवा दुसऱ्या देशाचा पोशाख घालणं अपमानाचं आहे का? थोडक्यात सांगा.

बहुतेक वेळा नाही. कपडे माणसं एकमेकांकडून घेतच आली आहेत. आपला सदरा, पायजमा, कोट, पँट यांतलं बरंचसं कुठून ना कुठून आलेलं आहे. मात्र त्या पोशाखातल्या माणसाला हसण्यासाठी तो घालत असाल, तर तो अपमान आहे. पोशाखातली एखादी वस्तू पूजेची, मानाची किंवा कमावून मिळवायची असेल आणि ती आपण बाजारातल्या टिकल्यांसारखी वापरली, तरीही तो अपमान आहे. आणि ज्यांचा तो पोशाख आहे त्यांना तो अंगावर असल्यामुळे आजही कुणी हिडीसफिडीस करत असेल, तर जरा थांबून विचार करायला हवा. पुढची सगळी उत्तरं याच गोष्टींभोवती फिरतात.

आपल्याकडे तर हे पूर्वापार चालतं. बहुरूपी होते, भारुडं होती. आताच हे नवं कुठून आलं?

वेश घेण्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे आणि तिच्यावरच आमच्या घराचं पोट चालतं. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथ महाराजांनी वासुदेव, जोशी, गोंधळी, महार अशा कितीतरी माणसांच्या तोंडून भारुडं लिहिली. स्वतः ब्राह्मण असून त्यांनी गावकुसाबाहेरच्या माणसाचा आवाज घेतला, आणि त्या तोंडून गावातल्याच लोकांना चार गोष्टी सुनावल्या. आपल्या भागात मोहरमला कित्येक हिंदू घरांतली माणसं नवसानं फकीर होतात. बाबूजमाल दर्ग्याच्या परिसरात वाढलेल्या कुणालाही हे नवं नाही. त्या दर्ग्याच्या दारावर तर गणपती कोरलेला आहे. आषाढी एकादशीला नंदवाळच्या वाटेवर निम्मी पोरं विठ्ठल-रुक्मिणी झालेली असतात.

नाटकाचं तर विचारूच नका. बालगंधर्वांची लुगडी आणि दागिने बघून घरंदाज बायका आपली नेसण बदलत होत्या. आपलं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधलं, ते १९१५ मध्ये उभं राहिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळालं, त्या रात्री खासबागेजवळ उभं राहून रडणाऱ्यांत मीही होते. तिथल्या रंगपटात आमच्या घरातल्या तीन पिढ्या सुईदोरा घेऊन बसल्या.

पण या परंपरेत वेश घेणाऱ्यावर काही बंधन असायचं. मोहरमचा फकीर तेवढे दिवस नेम पाळतो. भारूड करणारा त्या माणसाचं म्हणणं पाठ करतो, त्याचा अर्थ लोकांना सांगतो. बालगंधर्वांनी बाईची चाल, बसणं, पदर सावरणं वर्षानुवर्षं घोटलं. 'आपल्याकडे पूर्वीपासून आहे' असं म्हणून आपण वेश घेतो, तेव्हा हा नेम मात्र मागं सोडून येतो.

गॅदरिंगला 'आदिवासी नृत्य' बसवलंय. पानांचे घागरे, भाले आणि अंगाला लावायचा काळा रंग मिळेल का?

मिळणार नाही. हे उत्तर ऐकून बाई नाराज होतात, म्हणून कारण नीट सांगते.

महाराष्ट्रात वारली, कातकरी, भिल्ल, गोंड, कोरकू, महादेव कोळी असे कितीतरी आदिवासी समाज आहेत. प्रत्येकाची बोली वेगळी, नाच वेगळा, नेसण वेगळी. गॅदरिंगमध्ये दिसतात तसे पानांचे घागरे, कवटीच्या माळा आणि 'हू हू' असा आरडाओरडा यांतल्या कुणाचाही नाही. तो जुन्या सिनेमांनी तयार केलेला जंगली माणूस आहे. वारल्यांचा तारपा नाच कधी पाहिलात तर कळेल : भोपळा आणि बांबूचं ते लांब वाद्य वाजवणारा मधे असतो आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफून बायका-पुरुषांचा फेर शांतपणे वळत राहतो. त्यात भाला नाही आणि आरोळी नाही.

आता काळ्या रंगाचं. अमेरिकेत १८३० च्या सुमारास थॉमस राइस नावाचा एक गोरा नट तोंडाला काजळी फासून काळ्या गुलामाची नक्कल करायचा. त्याच्या पात्राचं नाव जिम क्रो. त्या नकलेचे खेळ पुढं अनेक दशकं चालले, आणि काळ्या लोकांना शाळा, गाड्या, पाणवठे वेगळे ठरवणाऱ्या कायद्यांना लोक याच पात्राच्या नावानं ओळखू लागले. विनोदी सोंगाचं नाव कायद्याला चिकटतं, यावरून त्या हसण्याचं वजन कळावं. म्हणूनच कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांचा २००१ मधल्या 'अरेबियन नाइट्स' पार्टीतला, तोंडाला रंग लावून फेटा बांधलेला फोटो २०१९ मध्ये बाहेर आला, तेव्हा त्यांना देशाची माफी मागावी लागली. नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या सणाला तोंड काळं करून निघणारा 'झ्वार्टे पीट' आहे. तिथंही वर्षानुवर्षं वाद झाल्यावर आता बऱ्याच गावांत गालावर नुसते काजळीचे फराटे ओढतात.

आपल्याला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. सावळ्या मुलीला स्थळ आलं की घरात काय बोललं जातं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या दुकानातही हे पानांचे घागरे होते, ते मी लपवणार नाही. एका शाळेच्या ग्रीन रूममध्ये मी काळ्या रंगाची डबी घेऊन पोरांना रंगवत होते. रांगेत वसतिगृहातला एक मुलगा आला. शेजारच्या कुणीतरी म्हटलं, "ह्याला कशाला रंग, हा आहेच की." सगळे हसले. तो मुलगाही हसला, आणि त्यानं हात पाठीमागं घेतले. मी काही बोलले नाही. त्याचे ते मागं घेतलेले हात मला आजही दिसतात. पुढच्या हंगामाआधी ते घागरे मी फाडून गाद्यांत भरले आणि तो रंग आणणं बंद केलं.

तुम्हाला आदिवासी नाच बसवायचाच असेल तर समाजाचं नाव घेऊन बसवा. 'वारली तारपा' म्हणा, गाणं शोधा, लुगडी साधी असतात ती आम्ही देऊ. रंग लावायचा नाही.

वासुदेव, पोतराज, जोगतीण हे तर आपलेच. त्यांचा वेश घ्यायला काय हरकत?

'आपले' म्हणजे कुणाचे, इथून सुरुवात करावी लागते. आपण मराठी बोलतो आणि तेही मराठी बोलतात, एवढ्यानं सगळं आपलं होत नाही.

वासुदेवाचा वेश मी आनंदानं देते. मोरपिसांची टोपी, पायघोळ झगा, टाळ, चिपळ्या. मुलाला एखादं वासुदेवाचं गाणं येत असावं, एवढीच विनंती करते.

पोतराजाचं तसं नाही. कमरेला चिंध्यांचा घागरा, केस वाढलेले, हातात आसूड आणि स्वतःच्या अंगावर फटके ओढून घ्यायचे. मरीआईच्या नावानं हे मुख्यतः दलित घरांतल्या मुलांच्या वाट्याला आलं. आंबेडकरी चळवळीच्या काळात कितीतरी जणांनी केस कापून आसूड टाकून दिला आणि मुलांना शाळेत घातलं. त्यांच्या नातवंडांच्या वर्गात दुसऱ्या कुणी हौसेनं आसूड फिरवावा आणि परीक्षकांनी टाळ्या वाजवाव्यात, हे मला बघवत नाही.

जोगतिणीबद्दल तर कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. ओढ्यावरच्या रेणुकेच्या यात्रेत डोक्यावर जग म्हणजे देवीची टोपली, हातात परडी, कपाळाला भंडारा लावलेल्या बायका आपण लहानपणापासून बघतो. त्यांतल्या कित्येकींना कळतं वय येण्याआधी देवीला सोडलं होतं. या देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये कायदा झाला, महाराष्ट्रानं २००५ चा वेगळा कायदा केला. मधल्या काळात गडहिंग्लज-निपाणी भागात देवदासींच्या हक्कांसाठी मोठी चळवळ झाली. चौंडकं या त्यांच्या वाद्याचा ताल सुंदर आहे, ती गाणी सुंदर आहेत, ती टिकावीत असं मला मनापासून वाटतं. पण सहा वर्षांच्या मुलीला 'छोटी जोगतीण' म्हणून नटवायला मी पोशाख देत नाही. याच विषयावरचं नाटक असेल आणि मोठी माणसं करणार असतील, तर सगळं सामान देते, भाडंही कमी लावते.

'पारधी' किंवा 'चोर' म्हणून एक ड्रेस हवा होता.

चोर म्हणून द्यायचा तर देईन, पण त्याला कुठल्या जमातीचं नाव नको. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पोलीस ठाण्यात रोज हजेरी द्यायला लावली. तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत त्याआधीच मोडली होती. त्याच कोल्हापुरात पोरांच्या नाटकात चोराला पारध्याचं नाव देऊ नये.

परदेशी माणसानं कोल्हापुरी फेटा बांधला, नऊवारी नेसली तर आपल्याला आवडतंच. मग आपण त्यांचं काही घातलं तर त्यांना का लागतं?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि मला तो आवडतो. फेटा आपण पाहुण्याला स्वतः बांधतो. पीळ कसा द्यायचा, शेव कुठं सोडायचा हे आपल्या हातात असतं. देणारे आपण असतो, म्हणून अभिमान वाटतो.

आता जून २०२५ आठवा. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायांत कोल्हापुरीसारख्याच चपला होत्या आणि कोल्हापूरचं नावही नव्हतं. कोल्हापुरातल्या पापाची तिकटीपासून थेट मुंबईपर्यंत लोक चिडले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. कंपनीनं नंतर प्रेरणा इथलीच असल्याचं मान्य केलं, त्यांची माणसं जुलैत कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटूनही गेली. चप्पल कुणी घातली म्हणून आपण चिडलो नव्हतो. नाव पुसलं गेलं आणि कातडं कमावणाऱ्या, शिवणाऱ्या हातांना काही मिळालं नाही, म्हणून चिडलो होतो. दुसऱ्यांचं दुखणं समजायला मला हा आपला अनुभव फार उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट आहे. कपड्यावरून माणसाची पायरी ठरवण्यात आपला देश कुणाला हार जाणारा नाही. त्रावणकोरमध्ये नाडर बायकांना छाती झाकण्यासाठी लढावं लागलं. १८५९ मध्ये राजानं परवानगी दिली, पण वरच्या जातीच्या बायकांसारखं झाकायचं नाही, अशी अट घालून. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी बायकांना सांगितलं की, जात ओळखू येईल अशी नेसण आणि तसे दागिने टाकून द्या, लुगडं इतर बायका नेसतात तसं नेसा. तिथं दुसऱ्यांचा पोशाख घालणं म्हणजे माणूस म्हणून उभं राहणं होतं. त्यामुळे कोण कुणाचा पोशाख घालतोय, यावर सगळं बदलतं. ज्याला तो घालायला बंदी होती त्यानं घातला तर ती हिंमत असते. ज्यानं बंदी घातली त्यानं गंमत म्हणून उलट बाजूचा पोशाख घातला, तर समोरच्याला जुनं सगळं आठवतं.

पुण्यात २०१८ मध्ये पुणेरी पगडी की फुले पागोटं, असा वाद झाला होता. बाहेरच्या माणसाला दोन्ही नुसती डोक्यावरची कापडं वाटतील. आपल्याला त्यांतला फरक बरोबर कळतो. दुसऱ्यांच्या पोशाखातही असे फरक असतात, आपल्याला ते दिसत नाहीत इतकंच.

मुलीला जपानी बाहुली करायचीय. किमोनो चालेल?

चालेल. क्योटोमध्ये पर्यटकांना किमोनो भाड्यानं देणारी आमच्यासारखीच पुष्कळ दुकानं आहेत. एक मात्र पाळा : घालणाऱ्याची डावी बाजू वर आली पाहिजे. उजवी बाजू वर ही प्रेताला नेसवण्याची रीत आहे. डोळे बारीक दिसावेत म्हणून पेन्सिलीनं ओढायचे नाहीत, 'चिंग चांग' असलं काही बोलायला लावायचं नाही.

यावर सगळ्यांचं एकमत नाही, हेही सांगते. बोस्टनच्या संग्रहालयात २०१५ मध्ये फ्रेंच चित्रकार मोनेच्या चित्रासमोर किमोनो घालून फोटो काढायची सोय केली होती. तिथल्या आशियाई वंशाच्या तरुणांनी विरोध केला, आणि काही जपानी बायका किमोनो घालूनच त्या विरोधाला विरोध करायला आल्या. जपानमध्ये राहणाऱ्याला किमोनोसाठी कुणी चिडवत नाही, अमेरिकेत वाढलेल्या जपानी मुलीला शाळेत चिडवलेलं असतं. दोघी खरंच बोलत होत्या.

'रेड इंडियन'चा पिसांचा टोप आहे का?

होता, आता नाही. ते नावही आता वापरू नये. कोलंबसाला आपण भारतात पोचलो असं वाटलं, त्या चुकीचं ते नाव आहे. अमेरिकेत मूलनिवासींची पाचशेहून अधिक मान्यताप्राप्त राष्ट्रं आहेत. तो लांब पिसांचा टोप त्यांतल्या लाकोटांसारख्या मैदानी प्रदेशातल्या काही लोकांचाच. गरुडाचं एकेक पीस कर्तृत्वानं मिळतं आणि टोप थोडक्याच माणसांच्या डोक्यावर चढतो. आपल्या गावात किती घरांतली मुलं सैन्यात आहेत ते बघा. त्यांतल्या एखाद्याच्या शौर्यपदकाची प्लास्टिकची नक्कल लावून कुणी वाढदिवसाला नाचलं, तर त्याच्या आईला कसं वाटेल? २०११ मध्ये ओहायो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी अशा वेशांचे फोटो हातात धरून पोस्टर काढली होती. 'आम्ही संस्कृती आहोत, तुमचा ड्रेस नव्हे' असा त्यांचा आशय होता.

पंजाबी भांगड्यासाठी शीख पगडी?

भांगडा करा, कुर्ता, लुंगी आणि रंगीत पगडी न्या. चिकटवायची दाढी आणि कृपाण देत नाही. केस आणि कृपाण शिखांच्या पाच 'क'कारांत येतात, ती श्रद्धेची गोष्ट आहे. 'बारा वाजले'चा विनोद संहितेत असेल तर तो काढा. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत पगडीमुळे शिखांवर हल्ले झाले, चारच दिवसांत ॲरिझोनात बलबीर सिंग सोढी यांना गोळी घालून मारलं. त्या कापडाची किंमत त्यांनी अशी मोजली आहे.

असा वेश घातला तर कायद्यानं गुन्हा होतो का?

नुसत्या वेशानं नाही. लोकांना खरं वाटावं म्हणून सैनिकाचा गणवेश घालणं, किंवा फसवण्यासाठी पोलिसासारख्या सरकारी नोकराचा गणवेश घालणं गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी अनुक्रमे १६८ आणि २०५ ही कलमं आहेत. नाटकाला अडचण नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत मुद्दाम हिणवलं, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

लहान मुलांना यातलं काय कळतंय?

ग्रीन रूममधल्या त्या मुलाला सगळं कळलं होतं.

आमच्या शाळेत बंजारा मुलं आहेत. ड्रेसबद्दल त्यांच्या घरी विचारलं तर अवघडल्यासारखं होईल का?

न विचारल्यानं जास्त अवघड होतं. एकदा ऊसतोडीच्या हंगामात एक बंजारा बाई दुकानासमोरून चालली होती. दारात लटकवलेला लहान मुलीचा आरशांचा ड्रेस बघून थांबली. तिनं बोट लावून दाखवलं, आम्ही केसांच्या बाजूला घुगरी, म्हणजे केसांजवळ लोंबणारा दागिना, शिवली होती. घुगरी लग्न झालेल्या बाईनं घालायची, नवरा गेला की उतरवायची. "लेकराला कशाला घातली?" एवढंच म्हणाली आणि गेली. मी त्याच दिवशी सगळ्या लहान ड्रेसांच्या घुगऱ्या उसवल्या.

त्यानंतर एका शाळेच्या बाईंना मी आग्रह केला की नाच बसवण्याआधी वर्गातल्या बंजारा मुलीच्या घरी विचारा. आईला कामावरून सुटी नव्हती, तिनं सासूला पाठवलं. आजी दुपारभर आमच्या दुकानात जमिनीवर बसून होत्या. अकरा ड्रेस उलटसुलट करून पाहिले, कवड्या कुठं हव्यात ते सांगितलं, चार ओढण्यांची किनार स्वतः बदलली. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. सूत्रसंचालनात 'घागरा' म्हणू नका, 'फेटिया' म्हणा, चोळीला 'काचळी' म्हणा, एवढंच मागितलं. बाईंनी तसंच म्हटलं. आमच्या पावतीवरही तेव्हापासून फेटियाच लिहितो.